नॉर्दर्न लीग : खाणकामगारांच्या मुलखातील फुटबॉल

इंग्लंडच्या ईशान्य भागातील अर्धव्यावसायिक फुटबॉल संघांची साखळी स्पर्धा. स्थापना १८८९. आजही सुरू असलेल्या जगातील फुटबॉल लीगमध्ये १८८८ च्या फुटबॉल लीगखालोखाल हीच सर्वांत जुनी मानली जाते. डरहॅम, नॉर्थम्बरलंड आणि टाइन व टीज नद्यांकाठची शहरे हा तिचा मुख्य प्रदेश. तिच्या दोन विभागांचे स्थान इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत अनुक्रमे नववे व दहावे आहे. येथील खेळाडू नोकरीधंदा सांभाळून, अल्प मानधनावर खेळतात.

मिडल्सब्रो आणि पुढे न्यूकॅसल युनायटेड झालेला न्यूकॅसल ईस्ट एंड हे संघ प्रारंभी याच लीगमध्ये होते. ते व्यावसायिक फुटबॉलकडे वळले; लीग मात्र दीर्घकाळ हौशी राहिली. कोळसा खाणींच्या आधारे वाढलेल्या छोट्या गावांनी तिला वैभव मिळवून दिले. एफए हौशी चषक बिशप ऑकलंडने विक्रमी १० वेळा, तर क्रूक टाउनने ५ वेळा जिंकला. १९५४ मध्ये या दोन शेजाऱ्यांचा अंतिम सामना पाहण्यासाठी वेम्बलीवर एक लाख प्रेक्षक जमले होते. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातानंतर मँचेस्टर युनायटेडच्या मदतीला बिशप ऑकलंडचे तीन खेळाडू गेले. त्यांपैकी वॉरन ब्रॅडली पुढे इंग्लंडकडूनही खेळले. १९७८ मध्ये ब्लाइथ स्पार्टन्सने एफए चषकाची पाचवी फेरी गाठली. रेक्सहॅमविरुद्धच्या फेरसामन्याला सुमारे ४२ हजारांची गर्दी लोटली होती.

१९७४ मध्ये हौशी व व्यावसायिक हा भेद संपला. १९७९ पासून देशभरातील लीग एका उतरंडीत बांधल्या जाऊ लागल्या, तेव्हा स्वायत्तता जपण्यासाठी नॉर्दर्न लीग बाहेर राहिली. १९९१ मध्ये ती सामील झाली, तेव्हा तिच्या वाट्याला नॉर्दर्न प्रीमियर लीगखालचे स्थान आले. ती लीग १९६८ मधली, म्हणजे वयाने कितीतरी धाकटी!

त्यानंतरही लांबच्या प्रवासाचा खर्च आणि नोकरीतील रजांचा प्रश्न यांमुळे अनेक संघांनी वरच्या श्रेणीत जाण्याचे टाळले. ताकदीचे संघ खालीच राहिल्याचा परिणाम खालच्या श्रेणीतील संघांसाठीच्या एफए व्हाझ स्पर्धेत दिसला. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत हा चषक आठ वेळा नॉर्दर्न लीगकडे आला. व्हिटली बेने तर तो सलग तीनदा जिंकला. पुढे साउथ शील्ड्स, स्पेनीमूर यांसारखे संघ वर गेले. त्यांची प्रगती अभिमानास्पद खरी. परंतु प्रत्येक बढतीबरोबर शेजारच्या गावाशी होणारी एक जुनी लढत कमी होते. या लीगचे खरे बळ मात्र त्या लढतींतच आहे.