शिरगावचे लोखंड

शिरगाव म्हटले की आपल्याला आधी आठवते ती वैशाखातली लईराईची जत्रा. वेताची काठी घेतलेले धोंड, मोगरीचे कळे आणि पहाटेपूर्वीचे ते होमकुंड. माझे आजोळ तिथलेच, त्यामुळे मला त्याबरोबर लाल रंगही आठवतो. रस्ता लाल, ओहोळ लाल, पांढरा सदरा दोन दिवसांत लाल.

गेल्या वर्षी आईचे रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७.२. डॉक्टर म्हणाले, "लोह कमी आहे." जिचे बालपण लोखंडाच्या डोंगराखाली गेले, तिच्याच अंगात लोखंड नाही! मी कला शाखेचा पदवीधर, दिवसभर फाईली हलवणारा. विज्ञान दहावीलाच सुटले. पण हे कोडे काही स्वस्थ बसू देईना.

मग वाचायला घेतले. गोव्याचे हे खनिज अडीचशे कोटी वर्षांहून जुने. त्या काळी समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेले असायचे. सूक्ष्म जीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली, तसे ते गंजून तळाशी बसत गेले, असे मानतात. म्हणजे आपला डोंगर हा एक जुना गंजच! गंज सहसा पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे लाल धूळ कितीही पोटात गेली तरी तिच्यातले लोह रक्ताला फारसे मिळत नाही.

रक्तात लोह असते हे इटलीतल्या बोलोन्याच्या मेंगिनीने अठराव्या शतकात दाखवले. रक्त जाळून त्याची राख केली आणि तिच्याजवळ लोहचुंबक धरला. मोठ्या माणसाच्या अंगात सगळे मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह, फार तर एक खिळा. पण तिथे ते गंजत कसे नाही? याचे उत्तर प्रथिनात आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू, प्रत्येक जण प्रथिनाच्या घडीत बसवलेला. ती घडी अशी की प्राणवायू येऊन चिकटावा, पण गंज न चढता पुढे सुटावा. मॅक्स पेरुत्झने ही रचना उलगडण्यात वीसेक वर्षे घालवली; १९६२ मध्ये केंड्रूबरोबर त्याला नोबेल मिळाले. शिल्लक लोहासाठी फेरिटिन नावाचे दुसरे प्रथिन, ते हजारो अणू साठवते. आमच्या रेकॉर्ड रूमपेक्षा व्यवस्थित!

आणि हे फक्त लोहाचे नाही. आपल्या कुर्ल्या-सुंगटांच्या रक्तात त्याच कामाला तांबे असते, म्हणून प्राणवायू मिळाला की ते निळसर दिसते. मोगरीच्या पानातल्या हरितद्रव्यात मॅग्नेशियम. रक्तातला कार्बन डायऑक्साइड हाताळणाऱ्या प्रथिनात जस्त. ते १९४० च्या सुमारास कळले. बी-१२ जीवनसत्त्वात तर कोबाल्ट! कणभर धातू, पण तो नसला की काम अडलेच.

लहानपणी आजी लोखंडी कायलीत आंबट करू द्यायची नाही. "आंबट लोखंडात शिजयनात रे!" कालवण काळे पडते म्हणून. आता कळते, आंबटाने कायलीतले लोह सुटून कालवणात उतरायचे. चव बिघडायची खरी, पण लोह मिळायचे ते असेच!

डोंगराचे पुढे काय झाले ते आपण जाणतोच. पोर्तुगीज अमदानीतले परवाने, १९५० च्या दशकात जपानला जाणाऱ्या बोटी, १९८७ चा कायदा, २०१२ ची बंदी, २०१८ ची दुसरी, आणि डिसेंबर २०२२ च्या लिलावात शिरगाव-मये पट्टाही. मधल्या काळात खाणींचे खड्डे भूजलाच्या खाली गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

आई लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची. चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आता गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर आणि चहा दोन तासांनी, कुरकुरत. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.८ झाले. कागद वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आनी आमच्या बांयत उदक आसा?"

मी एप्रिलमध्ये आजोळी जाऊन आलो होतो. बांयच्या तळाला ओलसर लाल माती होती, तेवढे तिला सांगितले.