बेलर यंत्राची स्वच्छता व निगा : चौमूंच्या रेताड शिवारातील गरज

जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ३० किलोमीटर अंतरावर चौमूं हे तहसीलीचे ठिकाण आहे. भाजीपाला आणि दुभती जनावरे यांवर या परिसराचे अर्थकारण मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. जमीन वालुकामय, हवा कोरडी आणि पाऊस बेताचा. मराठी शेतकरी ज्याला बाजरीचे सरमाड म्हणतो, त्याला या भागात कडबी म्हणतात. ही कडबी आणि गहू-जवाचे काड हाच उन्हाळ्यातील जनावरांचा मुख्य आधार असतो. अशा प्रदेशात शेतात पसरलेले काड वा वाळलेले गवत वेळेत गोळा करून गासड्या बांधणाऱ्या बेलर यंत्राचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मात्र रेतीची धूळ हीच या यंत्राची सर्वांत मोठी वैरी आहे.

चौकोनी गासड्या बांधणारा बेलर ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर, बहुधा मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या वेगाने, चालतो. पुढचे दाते काड उचलतात, दट्ट्या ते पेटीत दाबतो, सुया सुतळी वर आणतात आणि नॉटर तिला गाठ मारतो. आपोआप गाठ मारणारा बेलर अमेरिकेत १९४० च्या सुमारास बाजारात आला. त्यातील गाठीची कल्पना मात्र त्याहून जुनी असून, जॉन अॅपलबी यांनी १८७० च्या दशकात धान्याच्या पेंढ्या बांधण्यासाठी ती विकसित केली होती. आजचा नॉटरही मुळात त्याच तत्त्वावर चालतो.

गव्हाच्या कापणीनंतर काड उचलण्यास मिळणारे दिवस थोडे असतात. चैत्र-वैशाखात उत्तर राजस्थानात आंधी सुटते आणि शेतातले काड उडून जाते. त्यामुळे हंगामाच्या मध्यावर यंत्र बंद पडल्यास नुकसान दुरुस्तीच्या खर्चापुरते मर्यादित राहत नाही.

स्वच्छतेचा पहिला नियम असा की आधी साफसफाई, मग वंगण. धुळीवर ग्रीस चढविले तर रेतीचे कण त्यात मिसळून सहाणेसारखे काम करतात आणि बेअरिंग झिजते. दिवसाचे काम संपल्यावर दात्यांभोवती, साखळ्यांवर, नॉटरवर आणि दट्ट्याच्या पट्ट्यांवर साचलेला भुसा ब्रशने व कॉम्प्रेसरच्या हवेने काढावा. जोराच्या पाण्याने धुण्याचा मोह टाळणे श्रेयस्कर, कारण पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत शिरते आणि सोबत धूळही नेते. हवा मारताना नाकातोंडाला कापड आणि डोळ्यांना चष्मा असावा. त्यानंतर प्रत्येक ग्रीसचे तोंड पुसून मगच ग्रीस गन लावावी. कोठे, किती तासांनी ग्रीस द्यावयाचे याचे वेळापत्रक यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते.

नॉटर हा भाग सर्वाधिक नाजूक आहे. गाठ न बसण्याची तक्रार बहुतेक वेळा येथेच उगम पावते. चोचीसारख्या आकड्यावर गंज वा खरखर असल्यास तयार झालेली गाठ त्यावरून नीट घसरत नाही. चाकू बोथट झाल्यास सुतळीची टोके पिंजून निघतात. सुतळी धरून ठेवणाऱ्या चकतीची पकड सैल असेल तर एक टोक निसटते आणि गाठ एकाच दोऱ्याला पडते. म्हणून तुटलेली सुतळी टाकून न देता तिची टोके पाहावीत, दोष कोठे आहे हे त्यांवरून पुष्कळदा कळते. समायोजन केल्यानंतर ट्रॅक्टर बंद ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवावे आणि गाठ कशी बसते ते पाहावे.

दट्ट्यावरील आणि पेटीवरील चाकूंमधील फट हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. ती पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, अगदी अल्प असावी लागते. ती वाढली की काड कापले न जाता ओढले जाते, दट्ट्यावर ताण येतो आणि गासडीचा आकारही बिघडतो. फ्लायव्हीलजवळचा शिअर बोल्ट अतिभाराने तुटण्यासाठीच बसविलेला असतो. तो वारंवार तुटू लागल्यास अधिक कठीण बोल्ट घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. तिचा परिणाम म्हणजे पुढच्या वेळी सुई किंवा गिअर तुटतो.

धोक्यांकडे दुर्लक्ष होऊ नये. पीटीओ बंद केल्यावरही जड फ्लायव्हील काही काळ फिरतच राहते. अडकलेले काड काढण्यासाठी त्या वेळी हात घालणाऱ्यांचे हात गेल्याचे प्रकार जगभर घडले आहेत. ट्रॅक्टर बंद करून, किल्ली काढून आणि फ्लायव्हील थांबल्याची खात्री करूनच यंत्राजवळ जावे. पीटीओ शाफ्टवरील संरक्षक आवरण तुटले असल्यास काम सुरूच करू नये. दुसरा धोका आगीचा. गरम झालेल्या बेअरिंगभोवती कोरडा भुसा साचला असेल, तर एप्रिलच्या वाऱ्यात ठिणगीही पुरेशी ठरते. ट्रॅक्टरवर अग्निशामक व पाण्याचा कॅन असणे उचित. याउलट, २० टक्क्यांहून अधिक ओलावा असलेल्या गवताच्या गासड्या बांधल्यास त्या बुरशी धरतात. ओलावा फार असेल तर त्या आतून तापत जाऊन काही आठवड्यांनीही पेट घेऊ शकतात.

भाड्याने गावोगाव फिरणाऱ्या बेलरची स्वच्छता शेजाऱ्यांच्याही हिताची असते. उत्तर भारतात 'गेहूं का मामा' या नावाने कुप्रसिद्ध असलेले तण यंत्रात अडकलेल्या बियांद्वारे एका शेतातून दुसऱ्या शेतात पोहोचू शकते. त्यामुळे शेत बदलताना पेटी व दाते झाडून घ्यावेत.

हंगाम संपल्यावर पेटीत शेवटची गासडी तशीच ठेवण्याची सवय हानिकारक आहे. ती ओल धरते, उंदरांना घर मिळते आणि पेटीला गंज चढतो. गासडी काढून, दाब देणाऱ्या स्प्रिंगा सैल करून, पेटीच्या चकचकीत पृष्ठभागांना, चाकूंना व नॉटरला तेलाचा पातळ हात द्यावा. जयपूर परिसर कोरडा असला तरी जुलै ते सप्टेंबर या काळातील दमट हवा गंजासाठी पुरेशी असते. यंत्र छपराखाली ठेवावे, उरलेली सुतळी उंदरांपासून दूर कोरड्या जागी टांगावी आणि झिजलेल्या भागांची यादी त्याच वेळी लिहून ठेवावी. सुटे भाग मागविण्यासाठी मार्चपर्यंत थांबल्यास ते वेळेवर मिळतीलच असे नाही.