पिवळी पाटी आणि लायसन

घरची गाडी चालवणारा माणूस पोटासाठी टेंपो चालवू लागला, तर त्याला वेगळं लायसन लागतं का? प्रश्न साधा आहे, पण आपल्या देशात त्याचं पक्कं उत्तर मिळायला फार वर्षं लागली.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात पगारी ड्रायव्हरला आणि ट्रान्सपोर्टच्या गाडीला लायसनवर खास नोंद लागे. १९८८ च्या कायद्यातही कलम ३ ने ट्रान्सपोर्टसाठी नोंद मागितलीच. गंमत अशी, की त्याच कायद्यातली हलक्या वाहनाची व्याख्या सांगे, ७५०० किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहनही हलकंच! १९९४ साली मध्यम आणि जड गाड्यांचे चार वर्ग जाऊन 'ट्रान्सपोर्ट वाहन' हा एकच वर्ग आला आणि गोंधळ वाढला.

भोगलं कोणी? छोटा हत्ती चालवणाऱ्याकडे साधं लायसन असे. अपघात झाला, की विमा कंपनी म्हणे, नोंद नाही, भरपाई आमच्यावर नाही. मग मृताच्या घरच्यांनी आणि कर्ज काढून गाडी घेतलेल्या मालकाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या.

२०१७ मध्ये मुकुंद देवांगण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हलक्याचं लायसन पुरे म्हटलं. त्यावर शंका निघाल्या. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केलं. साध्या लायसनवाल्यांमुळे अपघात वाढल्याची आकडेवारी कोणी दाखवली नाही, हेही नोंदवलं. जड ट्रक, बस आणि धोकादायक माल यांना मात्र वेगळी परवानगी लागतेच.

शिक्षक म्हणून मला दुसरीच अट बोचायची. ट्रान्सपोर्टच्या लायसनला आठवी पास असणं सक्तीचं होतं. शाळा सोडून क्लीनर झालेली मुलं मोठी होऊन दाखल्यासाठी यायची आणि त्यावरची 'सहावी' वाचून गप्प निघून जायची. शिका, हे मी जन्मभर सांगितलं. पण घाटात गाडी कशी उतरवायची, हे आठवीच्या पुस्तकात कुठे होतं? चालवता येतं का, हे रस्त्यावरच तपासायला हवं. २०१९ साली ती अट गेली, बरं झालं.

तेव्हा भाचे-पुतण्यांनो, कोणाची पिवळ्या पाटीची गाडी हाती घेण्याआधी आरसी बुकातलं मालासकट एकूण वजन तेवढं बघून घ्या.