चाकरी सोडा, जमीन सोडू नका : महार वतनाची विसरलेली लढाई

'परंपरा जपा' हा उपदेश आपल्याला कोण करतो, हे एकदा नीट पाहा. परंपरेने ज्यांना वाडे दिले, इनामे दिली, देवळांच्या गाभाऱ्यांची मालकी दिली, तीच मंडळी हा उपदेश करताना दिसतील. आपल्या वाट्याला त्याच परंपरेतून मेलेले ढोर आले आणि गावाबाहेरची वस्ती आली. त्यामुळे आपली तरुण पोरे चिडून म्हणतात, जुने ते सगळे गाडून टाका. हा राग आम्हाला समजतो. पण बाबासाहेबांनी असे सरसकट काही गाडले नाही. 'जातिभेद निर्मूलन' या 1936 सालच्या भाषणात त्यांनी आपले गुरू जॉन ड्युई यांचा आधार घेऊन हिंदूंना विचारले होते, की पूर्वजांकडून आलेले सगळे तुम्ही जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या हाती देणार, की त्यातले उपयोगाचे तेवढे निवडणार? हिंदूंना हा प्रश्न विचारण्याच्या आठ वर्षे आधी त्यांनी तो आपल्या स्वतःच्या समाजाला विचारलेला होता. त्या वेळी विषय होता महार वतन.

वतन हा शब्द आज ऐकायला भारदस्त वाटतो. पाटलाचे वतन, देशमुखाचे वतन. महाराचे वतन म्हणजे काय होते? सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्या पुढेमागे धावायचे. सारा वसूल झाला की तो तालुक्याला पोचवायचा. चावडी झाडायची, लोकांना चावडीवर बोलवायचे, गावची शीव दाखवायची, कुणाच्या मरणाची खबर परगावी घेऊन जायची. कामाला वेळ नाही, सुट्टी नाही. घरचा कर्ता आजारी असेल तर बाईने किंवा पोराने जायचे. या सगळ्याच्या बदल्यात थोडी वतनी जमीन, खळ्यावर मिळणारे बलुते आणि दारोदार फिरून मागितलेली भाकरी. जमीन तरी किती? पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तिच्या चिंध्या झालेल्या. आणि चाकरीला नाही म्हटले तर तीही जप्त होण्याची भीती. 1874 च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने इंग्रज सरकारने ही जुनी गुलामी कागदावर पक्की करून टाकली होती. सरकारला फुकटात नोकर मिळत होते, मग ते कशाला मोडेल?

तरीही वतन सोडायला समाजातलेच अनेक जण तयार नव्हते. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, ही कथा घरोघरी सांगितली जायची. गावात आपला काहीतरी मान आहे, हक्काची भाकरी आहे, सणाला पहिला मान आपला आहे, अशी समजूत त्यात होती. त्या म्हाताऱ्यांना आज अडाणी म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याच्याकडे दुसरा कसलाच आधार नाही, तो हातातला तुटका आधारही सोडत नाही. त्यांची भीती खरी होती, कारण वतन गेले तर जमीन जाणार होती.

बाबासाहेबांचे मोठेपण इथे आहे. त्यांनी ही भीती थट्टेवारी नेली नाही. वतनाच्या गाठोड्यात दोन वेगळ्या वस्तू एकत्र बांधल्या आहेत, हे त्यांनी ओळखले : एक चाकरी आणि दुसरी जमीन. चाकरी माणसाला लाचार करते, जमीन त्याला उभे करते. 1927 मध्ये महाडला त्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा, मृत मांस सोडा असे सांगितले तेव्हा तडजोड नव्हती, कारण त्यात राखण्यासारखे काहीच नव्हते. वतनात मात्र राखण्यासारखे होते. म्हणून 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी जे विधेयक मांडले, त्यात वतन सरसकट रद्द करा अशी मागणी नव्हती. ज्या वतनदाराला चाकरीतून मोकळे व्हायचे आहे त्याला मोकळे होऊ द्या, त्याची जमीन त्याच्याकडेच ठेवा, तो इतर शेतकऱ्यांसारखा पूर्ण सारा भरील. ज्यांना चाकरी करायची आहे त्यांचे बलुते पैशात ठरवा, आणि कोणत्या अंमलदाराने त्यांना राबवायचे हेही कायद्यात लिहा.

पूर्ण सारा भरण्याची तयारी हा यातला सगळ्यात स्वाभिमानी मुद्दा आहे, आणि तोच नेमका विसरला जातो. सवलत नको, मेहेरबानी नको. कुणब्यासारखा सारा भरू आणि कुणब्यासारखे जमिनीचे मालक होऊ.

सरकारला आणि गावच्या पुढाऱ्यांना हे पचणारे नव्हतेच. विधेयक चिकित्सा समितीत अडकले आणि 1929 मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. पुढे सरकारने वतनी जमिनींवरची जुडी वाढवली. म्हणजे चाकरी होती तशीच आणि वर कराचा बोजा. त्याविरुद्ध डिसेंबर 1939 मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला महार, मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे सरकारविरुद्ध कडाडले. ज्या वतनाच्या चाकरीविरुद्ध ते अकरा वर्षे बोलत होते, त्याच वतनाच्या जमिनीसाठी ते तिथे लढत होते. यात ज्याला विसंगती दिसते त्याला हा प्रश्नच कळलेला नाही.

असेच जलशाचे झाले. तमाशाच्या फडात आपल्या कलावंतांची होणारी विटंबना चळवळीला नको होती. म्हणून ढोलकी फोडली का? नाही. आंबेडकरी जलशांनी कृष्णाची गवळण काढून टाकली. ढोलकी, सोंगाड्या आणि सवाल-जवाब ठेवले, आणि त्याच ढोलकीवर महाडचा सत्याग्रह गावोगावी नेला. भीमराव कर्डकांपासून वामनदादांपर्यंतची सगळी गाणी त्या राखलेल्या ढोलकीवर उभी आहेत. एप्रिलमध्ये भिंती हादरवणाऱ्या डीजेवर पैसे उधळणाऱ्या मंडळांनी यावर जरा बोलावे. असो, तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

बाबासाहेब गेल्यानंतर मुंबई राज्याने 1958 चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा केला आणि 1 ऑगस्ट 1959 पासून तो लागू झाला. चाकरी कायद्याने संपली. तोवर नागपूरला धम्मदीक्षा झालेली होती, येसकराची काठी कित्येकांनी आधीच टाकून दिली होती. पण जमिनीचे काय? कायद्याने वतनी जमीन आधी सरकारकडे घेतली आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्याला ती पुन्हा दिली, तीही जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही या अटीवर. ही अट आपल्या भल्याचीच होती. तरीही जमिनी गेल्या. कुणी रक्कम भरलीच नाही, कारण नोटीस वाचणारे घरात कोणी नव्हते. कुणी मुंबईला गिरणीत गेला आणि शेत बांधाशेजारच्याकडे 'सांभाळायला' ठेवले. कुणी लग्नाच्या कर्जापायी कोऱ्या कागदावर अंगठा दिला. शहरे वाढली, त्या माळरानांना कोटींचे भाव आले, आणि विनापरवाना झालेल्या त्या व्यवहारांचे खटले आजही चालू आहेत.

आमच्या ओळखीतली शिकलेली, नोकरीला लागलेली मुले म्हणतात, गावाशी आमचे काय देणेघेणे? गावाने काय दिले? जातीच्या गावाशी संबंध तोडा, आम्हीही तेच सांगतो. पण सातबाऱ्यावरचे आजोबांचे नाव गावाने दिलेले नाही, ते चाकरीच्या पिढ्यांनी कमावलेले आहे. तेव्हा या सुट्टीत तलाठी कार्यालयात जा. 1959 नंतरचे जुने फेरफार मागा, वतनाची नोंद शोधा, कब्जेहक्काची रक्कम भरल्याची पावती घरातल्या जुन्या पेटीत आहे का ते पाहा. भोगवटादार वर्ग 2 असे लिहिले असेल आणि तरीही जमीन दुसऱ्याच्या नावे गेली असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा आदेश क्रमांक विचारा. बऱ्याचदा तो नसतो.