ऐन, अर्जुन आणि पाच पंखांचे फळ

माझ्या टेबलावर दोन सुकी फळे आहेत. एक देवलापारच्या जंगलातले, दुसरे कन्हान नदीच्या काठचे. दोन्ही तपकिरी, दोन्हींना उभे पाच पंख. पहिले ऐनाचे, दुसरे अर्जुनाचे. हे आज मी सहज सांगतो, पण वीस वर्षांपूर्वी मार्च महिन्यात देवलापारकडेच एका निष्पर्ण झाडाखाली अशी फळे पाहून मी वहीत ‘अर्जुन’ लिहिले होते. सोबतच्या गोंड म्हाताऱ्याने फळाकडे पाहिलेसुद्धा नाही. खोडावर हात ठेवून तो म्हणाला, “साजा आहे हा, भाऊ. कहूची साल अशी नसते.”

कहू म्हणजे अर्जुन. साजा म्हणजे ऐन. चंद्रपूर-गडचिरोलीकडे त्यालाच येन म्हणतात.

ही गल्लत करणारा मी काही पहिला नव्हे. मराठीतच अर्जुनाला अर्जुनसादडा म्हणतात आणि काही भागांत नुसता सादडा म्हणजे ऐन. १७९३ पासून कलकत्त्याच्या बागेचे प्रमुख असलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी दोन्ही झाडे ‘पेंटाप्टेरा’ या एकाच प्रजातीत घातली. शब्दाचा अर्थच पाच पंखांची. १८३४ मध्ये वाइट आणि अर्नॉट यांनी ती ‘टर्मिनॅलिया’त नेली. ऐनाचे ‘टोमेंटोसा’ हे नाव त्याच्या लवेवरून पडले, पण बिनलवेचे ऐनही सापडतात. आता बहुतेक ग्रंथ ऐनाला ‘एलिप्टिका’ म्हणतात. साजाचे मात्र इतक्या वर्षांत साजाच राहिले.

मुळात वनस्पतिशास्त्राची कुळे फुलांच्या रचनेवर बेतलेली, आणि जंगलातले मोजणी-तोडणीचे काम पावसाळा संपल्यावर, कोरड्या महिन्यांत चालणारे. १८६१ साली नागपूर राजधानी करून मध्य प्रांत स्थापन झाला. या प्रांतातली जंगले पानगळीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन, साग, सालई, मोई उघडे पडू लागतात. त्या वेळी हातात फुलांचा ग्रंथ घेऊन उभा असलेला साहेब करणार काय? तो शेजारच्या माणसाला विचारणार.

आणि शेजारच्या माणसाकडे उत्तर असे. ऐनाची साल काळपट, खोल चिरांची, मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची. अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, करडी-गुलाबी, पातळ ढलप्यांनी सुटणारी. गफलत व्हायचीच तर ऐनाची टेंभुर्णीशी होते, कारण तिचीही साल काळी आणि चौकटींची. अर्जुनाशी होण्याचे कारणच नाही. पाने असतील तर ती उलटून पाहावीत. ऐनाच्या मधल्या शिरेवर, देठाजवळ, खालच्या अंगाला देठाळ ग्रंथी दिसतात. फळांत खूण पंखांवरच्या रेषांची आहे. ऐनाच्या पंखावर त्या आडव्या, सरळ कडेपर्यंत जातात. अर्जुनाच्या पंखावर वळून वर चढतात. ही खूण मी पुस्तकात वाचली, सालीची मात्र पुस्तकाआधी माणसाकडून शिकलो.

ब्रँडिस यांनी १८७४ मध्ये वायव्य आणि मध्य हिंदुस्थानच्या वनवृक्षांचा ग्रंथ पुरा केला. हेन्स यांची मध्य प्रांताच्या दक्षिण विभागातील झाडांची यादी १९१६ ची. देशी नावे या परंपरेत सन्मानाने छापली गेली. ती नावे ज्यांच्या तोंडून आली, ती माणसे छापली गेली नाहीत. योगायोग असा, की त्याच १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरचे खंड निघाले. (रसेल ते पाहायला नव्हते, १९१५ च्या डिसेंबरात त्यांचे जहाज पाणतीराने बुडाले.) त्यांत साजा हे बडादेवाचे वसतिस्थान म्हणून येते. म्हणजे एकाच वर्षी तेच झाड एका पुस्तकात इमारती लाकूड आणि दुसऱ्यात देवाचे घर! ज्याच्या खोडाशी पूजा करायची, ते झाड बिनपानांचे ओळखता येणे हा गोंडांसाठी छंद नव्हता.

कोशाच्या अळीला मात्र यातले काही नको. पूर्व विदर्भातले ढीवर तिला ऐनावरही सोडतात, अर्जुनावरही.

कायद्याचे तसे नाही. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, खैर, बिजा, हलदू, तिवस यांच्याबरोबर ऐन आहे, अर्जुन नाही. अनुसूचीतले झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. तेव्हा कागदावर ‘ऐन’ऐवजी ‘अर्जुन’ पडले, तर त्या एका शब्दाने झाडाचे संरक्षण जाते. असे मुद्दाम होते असे मी म्हणत नाही. माझ्या हातून तर ते निव्वळ अज्ञानाने झाले होते. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा १९८६ चा ग्रंथ तेव्हाही उपलब्ध होता. मी तो उघडला नव्हता, एवढेच. आणि उघडला असता, तरी मार्चमधल्या त्या झाडाजवळ मला आधी म्हाताऱ्याचा हातच लागला असता.

गेल्या उन्हाळ्यात त्याच वाटेने पुन्हा गेलो. एका बांधावर ताजे खुंट होते. फांद्यांबरोबर फळे गेलेली, पाने तर आधीच गळलेली. जमिनीलगत वीतभर साल तेवढी उरली होती. मी वाकून हात लावला. चिरा खोल होत्या, चौकटी बोटांना नीट लागत होत्या.