औरंगजेब, ताजमहाल आणि पावसाचं पाणी

औरंगजेबाचं पत्र म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच बाह्या सरसावून बसतात. वारसायुद्ध, भावांचे खून, बापाची कैद, दख्खनची मोहीम, सगळं एका दमात निघतं. मला मात्र त्याचं एक वेगळंच पत्र महत्त्वाचं वाटतं. त्याचा विषय आहे पावसात गळणारं छप्पर. ते छप्पर ताजमहालचं आहे.

साल १६५२. कंदाहारची मोहीम फसल्यावर शहाजहानने औरंगजेबाला दुसऱ्यांदा दख्खनची सुभेदारी दिली. दक्षिणेकडे निघालेला शहजादा डिसेंबरात आग्र्याला थांबला आणि आईच्या मजारीवर गेला. मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपूरला वारली होती. मुख्य मकबरा १६४३ च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे इमारतीने जेमतेम नऊ-दहा पावसाळे पाहिले होते. या भेटीनंतर त्याने वडिलांना फारसीत लिहिलेलं पत्र ‘आदाब-ए-आलमगिरी’ या संग्रहात आहे.

बांधकाम एकूण भक्कम आहे, हे तो आधी सांगतो. मग एकेक जागा मोजतो. मजारीवरचा मोठा घुमट पावसाळ्यात उत्तरेकडून गळतो. चार मोठ्या कमानी, दुसऱ्या मजल्यावरची काही दालनं, चार लहान घुमट, चौथऱ्यातल्या खोल्या यांना ओल आली आहे. मशिदीचे आणि जमातखान्याचे घुमट गळले होते, त्यांची दुरुस्ती झाली. मोठ्या घुमटाचीही डागडुजी केली आहे, पण ती टिकते का, हे पुढच्या पावसाळ्यात कळेल.

गळतं कुठे, नुसती ओल कुठे, धड काय आहे, हे त्याने वेगवेगळं मांडलंय. घरातली गळती शोधताना आपण नेमकं हेच करत नाही. छतावर डाग दिसला की त्याच्या बरोबर वर डांबर ओततो. डाग म्हणजे पाणी बाहेर पडण्याची जागा. ते शिरतं भलतीकडूनच: कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातून, तुंबलेल्या पन्हाळीपाशी, पाइपाच्या भोकातून. भर उन्हाळ्यातही ओल हटत नसेल, तर दोष बहुधा पावसाचा नाही. वरच्या मजल्यावरची मोरी बघायला हवी. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी थेंब पडत असेल, तर पाणी कोब्याच्या पोटात साठलंय. आमच्या इमारतीत एका कंत्राटदाराने यातलं काहीही न विचारता गच्चीला वॉटरप्रूफिंगचा रंग फासला. पुढच्या जूनमध्ये पाणी शेजारच्या खोलीत उतरलं.

आग्र्याच्या गवंड्यांनी मात्र विचार केला होता. दुसऱ्या मजल्याचं छत उकरून त्यावर नव्याने चुन्याचा अर्धा गज जाड थर घातला, तर कमानी, दालनं आणि लहान घुमट ठीक होतील, असं त्यांचं मत पडलं. आपल्या भाषेत, कोबा नव्याने करा. मोठ्या घुमटाबद्दल मात्र आपल्याकडे उपाय नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. बादशहाच्या सर्वात लाडक्या इमारतीबद्दल हे बोलायला छाती लागते. आणि ते तसंच्या तसं बापाला कळवायलाही.

त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. सपाट छत उकरता येतं. ताजचा घुमट दुहेरी आहे: बाहेर एक, आत एक, मध्ये मोठी पोकळी. बाहेरच्या घुमटाच्या विटांवर संगमरवराचं आवरण. संगमरवराच्या एखाद्या सांध्यातून शिरलेलं पाणी विटा-चुन्यातून, मग त्या पोकळीतून वाट काढत खाली येतं. थेंबाखाली उभं राहून त्याचा उगम सांगणं कठीण. सप्टेंबर २०२४ मध्ये मुसळधार पावसानंतर मुख्य घुमटातून पुन्हा पाणी ठिबकलं, तेव्हा पुरातत्त्व खात्याने ड्रोन उडवून घुमट तपासला. घुमटाला इजा नाही, पाणी झिरपलंय, असा निष्कर्ष निघाला. व्हॉट्सॲपवर तोवर मुघलांच्या बांधकामापासून आजच्या सरकारपर्यंत सगळ्यांचा निकाल लागला होता. १६५२ चं पत्र मला तरी कुणी पाठवलं नाही.

पत्रात पुढे यमुनेच्या पुरात बुडालेल्या महताब बागेचीही खबर आहे. मग औरंगजेब दक्षिणेकडे निघून गेला. पुढच्या पावसाळ्यात, ज्याची वाट बघू असं त्याने लिहिलं होतं, तो आग्र्यात नव्हता, दख्खनला होता.