पुसा नावाचं गाव, पुसा नावाचा गहू

बियाण्याच्या दुकानात ‘पुसा’ हा शब्द हमखास दिसतो. गव्हाच्या पिशवीवर, बासमतीच्या पिशवीवर, अगदी भाजीच्या बियांच्या पाकिटावरही. मराठी कानाला तो ‘विचारा’ असा ऐकू येतो. त्याच्या उगमाची एक गोष्ट आवडीनं सांगितली जाते: हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याच्या आडनावातला ‘पी’, त्याला जोडून ‘यूएसए’, झालं ‘पुसा’! गोष्ट सुटसुटीत आहे, पण खरी नाही. फिप्स यांनी दिलेल्या 30 हजार पौंडांच्या देणगीतून लॉर्ड कर्झन यांच्या काळात, 1905 साली, शेती संशोधनाची संस्था सुरू झाली हे खरं. मात्र बिहारमधल्या ज्या गावात ती उभी राहिली, त्याचं नाव आधीपासूनच पुसा होतं. तिथं पूर्वी सरकारी घोड्यांची पैदास होत असे.

या गावात ॲल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड हे दांपत्य गव्हाच्या मागे लागलं. तेव्हा एका शेतातला गहू म्हणजे अनेक वाणांची सरमिसळ असायची: कुसळाचा नि बिनकुसळाचा, तांबडा नि पिवळसर. हॉवर्डांनी निवडक झाडांचं बी वेगळं काढलं, वेगळं पेरलं आणि वर्षानुवर्षं पारखलं. 1909 साली दोघांच्या नावानं भारतातल्या गव्हावरचा ग्रंथ निघाला. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजला शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. त्यांना नुसतं ‘हॉवर्ड यांच्या पत्नी’ म्हणणं अन्यायाचं आहे. याच कामातून ‘पुसा 4’ आणि ‘पुसा 12’ हे वाण आले.

15 जानेवारी 1934 रोजी बिहारच्या भूकंपानं संस्थेची इमारत मोडकळीला आणली. 1936 साली संस्था दिल्लीला गेली. गाव मागे राहिलं, नाव मात्र सोबत गेलं. वाणांच्या नावात ‘एनपी’, म्हणजे न्यू पुसा, ही अक्षरं आली आणि जुना ‘पुसा 4’ आता ‘एनपी 4’ झाला.

याच सुमारास आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता एका कोड्यामागे होते. मैदानातल्या उन्हाळ्यात गव्हावरचा तांबेरा हा रोग तग धरू शकत नाही, मग दर रब्बीला तो येतो कुठून? त्यांनी दाखवून दिलं की तो हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरीसारख्या डोंगरांत, थंड हवेतल्या गव्हावर जगून राहतो आणि वाऱ्याबरोबर खाली उतरतो. म्हणूनच गव्हाचं संशोधन डोंगर चढलं. सिमला आणि निलगिरीतलं वेलिंग्टन इथं केंद्रं आली. आपल्या महाबळेश्वरलाही तांबेऱ्याचा अभ्यास होतो. तांबेऱ्याच्या तिन्ही प्रकारांना दाद न देणारा ‘एनपी 809’ हा बी. पी. पाल यांचा वाण 1954 साली आला. त्यामागे जवळपास वीस वर्षांचं काम होतं.

मेक्सिकोचं बियाणं आलं आणि हरितक्रांती झाली, असं म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती अपुरी आहे. एम. एस. स्वामिनाथन यांच्या आग्रहावरून नॉर्मन बोरलॉग 1963 साली भारतात आले, 1966 साली 18 हजार टन बियाणं जहाजानं आलं, हे सगळं खरं. पण त्या बियाण्याची परीक्षा घेणारी माणसं आणि शेतं इथं आधीपासून होती. 1965 साली गव्हाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्याची रीत साधी, पण शिस्तीची: तेच वाण, सांकेतिक क्रमांक देऊन, निरनिराळ्या हवामानाच्या केंद्रांवर पेरायचे आणि वर्षाकाठी सगळ्यांनी एकत्र बसून निकाल तपासायचे. कुणा एकाच्या शब्दावर वाण मंजूर होत नाही. माझ्या मते खरी कमाई ही आहे.

मेक्सिकोच्या ‘सोनोरा 64’चा दाणा तांबडा होता; पोळीला तो कुणाला रुचेना. दिल्लीत गॅमा किरणांच्या मदतीनं त्यातून पिवळसर दाण्याचा ‘शरबती सोनोरा’ काढला गेला. मेक्सिकोहून आलेल्या एका वाणसामग्रीतून लुधियानात दिलबागसिंग अठवाल यांनी ‘कल्याण’ निवडला. हे नाव त्यांच्या गावावरून आलं. दिल्लीत त्याच सामग्रीतून ‘सोना’ निघाला. दोन्ही नावं जोडून ‘कल्याण सोना’ झालं. 1964-65 मध्ये देशाचं गव्हाचं उत्पादन सुमारे 1 कोटी 23 लाख टन होतं, 1967-68 मध्ये ते 1 कोटी 65 लाख टनांवर गेलं. 1968 साली टपाल खात्यानं गहू क्रांतीचं तिकीट काढलं. त्यावर ओंब्यांसोबत दिल्लीच्या पुसा संस्थेच्या ग्रंथालयाची इमारत आहे.

महाराष्ट्रातही हे कुळ वाढलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे वाण ‘एमएसीएस’ या अक्षरांनी ओळखले जातात. 1946 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. निफाडच्या केंद्रानं आपल्या वाणांना ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ अशी नाशिकची नावं दिली. येत्या कार्तिकात पेरणीसाठी पिशवी फोडाल, तेव्हा आधी तिच्यावरचं नाव वाचा आणि ते कुठल्या केंद्राचं आहे, हे दुकानदाराला जरूर पुसा.